गवाही

आमच्या समाजात आकाश घराघरांत नांदते. सुरय्या म्हणजे कृत्तिकांचा झुबका, सुहैल म्हणजे अगस्तीचा तारा, हिलाल म्हणजे कोवळी चंद्रकोर, बद्र म्हणजे पुनवेचा चंद्र, नज्मा म्हणजे तारका. अकीक्याच्या दिवशी आपण मोठ्या हौसेने ही नावे ठेवतो आणि पुढे आयुष्यभर त्या नावांच्या मूळ धन्यांकडे मान वर करून पाहत नाही. अगस्तीचे नाव धारण करणाऱ्या एका तरुणाला आम्ही फेब्रुवारीतल्या एका रात्री दक्षिणेकडचा तो तेजस्वी तारा दाखवला, तेव्हा त्याने आधी मोबाईलमध्ये खात्री करून घेतली आणि मगच आमच्यावर विश्वास ठेवला. आम्हाला राग आला नाही. उलट मनात म्हटले, पोरगा शहाणा आहे. आकाशात काय दिसते हे सांगणाऱ्या माणसावर लगेच विश्वास ठेवू नये, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

ही गोष्ट आजवर आम्ही कोणाला सांगितलेली नाही. आता सांगतो, कारण ती ज्यांना सांगायला हवी होती त्यातले कोणी उरलेले नाही.

आमचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात गेले. विजेचे दिवे नव्हते. घरामागे माडांची रांग, तिच्यापलीकडे खाजण, मग खाडीचे मुख आणि मुखातून दिसणारा समुद्राचा तुकडा. सूर्य कुठे बुडतो यावरून घरातल्या बायका वर्षाचा अंदाज घेत. पावसाळ्याच्या तोंडाला तो उजवीकडच्या डोंगराला टेकायचा आणि थंडीत डावीकडच्या टोकापर्यंत सरकायचा. आमची दादी निरक्षर होती, पण मगरिबला किती वेळ आहे हे तिला पडवीतल्या खांबाच्या सावलीवरून कळे. उधाण कधी आणि भांग कधी हे तर शेंबडी पोरेही जाणत. ते आमचे घड्याळही होते आणि पंचांगही.

१९७१ साल. दिवाळी होऊन जेमतेम महिना झाला होता, भात कापून झाले होते, उडव्या रचल्या गेल्या होत्या. १८ नोव्हेंबरला, गुरुवारी, रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. आम्ही दहा वर्षांचे होतो. इफ्तार करून, खजुराची बी तोंडात घोळवत, सारे गाव खाडीच्या बांधावर जमले. आभाळ स्वच्छ होते, फक्त पाण्याच्या रेषेवर ढगाची एक पातळ चिरी. शुक्र लखलखत होता. चंद्र दिसला तर उद्या ईद, तीही जुम्म्याच्या दिवशी. मुंबईहून वडिलांनी पाठवलेले नवे कपडे ट्रंकेत होते, त्यांना कापडाचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास येत होता. तो वास त्या संध्याकाळी आमच्या डोळ्यांत शिरला होता, असे आम्हाला आता वाटते.

एक म्हातारे तांडेल पाण्याकडे पाहत म्हणाले, “उधाणाला अजून जोर यायचाय. आज कोर कशी दिसंल?” त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. सगळ्यांचे डोळे वर होते, त्यांचे तेवढे खाली. आणि त्याच वेळी आम्ही ओरडलो, “तो बघा!”

बोट दाखवले. कुठे? तो माड सोडून डावीकडे, ढगाच्या वर. गर्दी आमच्या बोटाच्या मागे आली. दोन जाणते, पाचवक्ता नमाजी माणसे आमच्या खांद्याशी वाकली, डोळे किलकिले केले, आणि आधी एक व मग दुसरा म्हणाला, “हो, आहे. बारीक आहे, पण आहे.” मुलाची गवाही धरत नाहीत, हे आम्हालाही माहीत होते. ईदसाठी दोन भरवशाची माणसे लागतात, ती मिळाली. खतीबसाहेबांनी दोघांना वेगवेगळे विचारले, दोघांनी शपथेवर सांगितले. ऐलान झाले.

त्या रात्री दादीने शेवया भाजता भाजता आम्हाला जवळ बोलावले. “बाबू, खरं सांग. तुला दिसला का?”

आम्ही म्हटले, “हो.”

इथे थांबून थोडा विचार करू. बांधावर आम्ही ओरडलो ते खोटे होते का? प्रामाणिकपणे सांगतो, नव्हते. त्या क्षणी आम्हाला काहीतरी दिसले होते. पण चुलीच्या उजेडात दादीने विचारले तेव्हा मधे दोन तास गेले होते. त्या दोन तासांत जे दिसले ते हळूहळू पुसट होऊन गेले होते आणि त्याच्या जागी फक्त लोकांनी पाठीवर मारलेली थाप उरली होती. दादीचा प्रश्न साधा होता आणि त्याचे खरे उत्तर ‘मला नक्की माहीत नाही’ असे होते. ते आम्ही दिले नाही. चूक डोळ्यांची होती. खोटे जिभेचे होते. आणि ते अर्ध्या क्षणात होऊन गेले.

शुक्रवारी आमच्या गावात ईद झाली. खाडीपलीकडच्या गावाने चंद्र पाहिला नव्हता, त्यांचा तिसावा रोजा होता. आमच्या आत्याचे सासर पलीकडे. दादीने शिरखुर्म्याचा डबा होडीतून धाडला. तिथे तो मगरिबपर्यंत झाकून ठेवला गेला आणि आत्याला सासूचे ऐकून घ्यावे लागले. पुढे दोन जमातींत बोलाचाली झाली. कोणी म्हणे, त्यांनी ईदच्या दिवशी रोजा ठेवला. कोणी म्हणे, यांनी रमजानचा रोजा खाल्ला. जवळजवळ दोन वर्षे जनाज्याखेरीज एकमेकांकडे जाणे-येणे बंद होते. आम्ही नवे कपडे घालून हे सारे पाहत होतो.

शव्वालचे सहा रोजे दादी दरवर्षी ठेवायची. त्या वर्षी तिने सात ठेवले. आम्ही मोजले होते. तिने कोणाला काही सांगितले नाही, आम्हाला काही विचारले नाही. १९७८ साली ती गेली, तोवर आम्हीही काही सांगितले नाही.

पुढे शिकलो, नोकरी केली, वाचन वाढले. इब्नुल हैसम या हजार वर्षांपूर्वीच्या विद्वानाची ओळख झाली. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, डोळ्यातून वस्तूकडे जात नाही, हे त्याने मांडले. त्याच्या ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथाचा तिसरा भाग दृष्टीच्या चुकांवर आहे. पाहणे हे नुसते डोळ्याचे काम नाही. त्यात मनाचा निवाडा, आठवण आणि अंदाज मिसळलेले असतात आणि चूक बहुधा तिथेच शिरते, असे त्याचे म्हणणे. हे वाचले तेव्हा ती दोन जाणती माणसे आठवली. ती खोटारडी नव्हती. त्यांनी आमच्या बोटाने पाहिले आणि आम्ही ट्रंकेतल्या कपड्यांनी पाहिले. मग दोष कोणाचा? कायद्याने पाहिले तर आमचा नाही. खतीबसाहेबांचाही नाही, त्यांनी नियम पाळला. नियम पाळले गेले, सारे प्रामाणिक होते, आणि तरी दीडदोनशे माणसांचा एक रोजा गेला. असा दोष कुठे नोंदवायचा, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही. आमचा स्वतःचा वाटा मात्र आम्हाला ठाऊक आहे. तो बांधावरचा नाही, चुलीजवळचा आहे.

काही वर्षांपूर्वी मुलाने आमच्या मोबाईलवर आकाशाचा नकाशा दाखवणारे अ‍ॅप घालून दिले. त्यात मागची कोणतीही तारीख घालता येते. आम्ही बरेच दिवस टाळले. मग एका रात्री १८ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आणि आमच्या गावचा पत्ता घातला. अमावास्या त्याच दिवशी सकाळी संपली होती. सूर्यास्ताला चंद्राचे वय जेमतेम अकरा तास होते. नुसत्या डोळ्यांनी कोर दिसायला साधारण वीस तास तरी लागतात. जगातल्या तरबेज निरीक्षकांची विश्वासार्ह नोंदही पंधरा तासांच्या खाली नाही. शुक्र पडद्यावर आमच्या आठवणीप्रमाणेच पश्चिमेला होता. चंद्र तेवढा दिसण्याजोगा नव्हता.

तांडेल पाण्याकडे पाहून बरोबर बोलले होते.

मग कोणी म्हणेल, हिशेब इतका पक्का आहे तर बांधावर आणि गच्चीवर जायचे कशाला? आपल्या मासिकांतून, जमातींतून हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. आमचे मत कोणत्याच बाजूला पुरते आवडणार नाही. गणिताला भिण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. नमाजाच्या वेळा आपण भिंतीवरच्या छापील तक्त्यावरून पाळतो; असरसाठी काठीची सावली मोजायला आज कोणी अंगणात जात नाही. एका डोंगराची उंची आणि क्षितिजाचा झुकाव मोजून पृथ्वीची त्रिज्या काढणारा अल्‌-बिरूनी आपलाच. जिथे चंद्र दिसणे शक्यच नाही असे गणित सांगते, तिथे ‘पाहिला’ म्हणणाऱ्याची गवाही नम्रपणे परत करावी. १९७१ साली एवढे कळणारे कोणी असते, तर शिरखुर्म्याचा डबा झाकून राहिला नसता.

पण पाहणे सोडावे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. याचे कारण परंपरा एवढेच नाही. दिसला तर ईद, नाही दिसला तर तीस पूर्ण करा, या शिकवणीत न दिसण्याला मानाची जागा दिलेली आहे. ‘मला दिसला नाही’ म्हणणारा कमी पडलेला नसतो. त्याच्या बोलण्यानेही दिवस ठरतो. असे ठिकाण दुसरे कुठे आहे, जिथे सबंध समाज एकत्र उभा राहतो, साऱ्यांच्या मनात एकच इच्छा असते, आणि तरीही प्रत्येकाने त्या इच्छेविरुद्ध खरे बोलावे अशी अपेक्षा असते? उपवासाने महिनाभर पोटाला जे शिकवले, त्याची परीक्षा एकोणतिसाव्या संध्याकाळी डोळ्याला आणि जिभेला द्यावी लागते. आम्ही त्या परीक्षेत नापास झालेलो आहोत, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो.

हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आम्हाला याबाबतीत फार मोठा वाटतो. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. आजचे गणित ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे असल्याचे सांगते. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या दुःखात सूर्यही सामील झाला. दुःखाने मोडलेल्या बापाला तो केवढा दिलासा होता आणि दीनच्या प्रचाराला केवढा सोयीचा! त्यांनी नुसते गप्प राहायचे होते. पण त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य-चंद्राला कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नसते. आपल्या बाजूने उभी राहिलेली आभाळाची गवाही त्यांनी परत केली. आमच्या वाट्याला दादीचा एक साधा प्रश्न आला होता, तोही आम्हाला पेलला नाही.

आता आम्ही तालुक्याच्या गावी मुलाच्या इमारतीत राहतो. रस्त्यावर पांढरे एलईडी दिवे आहेत. त्यांच्या उजेडात कृत्तिका दिसतात न दिसतात, आकाशगंगा तर नाहीच. तरी पश्चिमेची बाजू मोकळी आहे. शव्वालचे आम्हीही सात रोजे ठेवतो. सातवा कोणाच्या खात्यावर जमा होतो, अल्लाहला माहीत.

९ एप्रिल २०२४ ला एकोणतिसावा रोजा होता. दुबईहून धाकट्याचा फोन येऊन गेला होता की त्यांची ईद उद्या. गच्चीवर वीसपंचवीस माणसे होती. चंद्राचे वय एकोणीस तासांच्या आसपास, हे आम्ही आधी पाहून ठेवले होते, पण बोललो नाही. अशा वेळी हिशेब सांगितला की पाहणाऱ्याचा डोळा बिघडतो. नऊ वर्षांची नात शेजारी उभी होती. कोणीतरी ओरडले, “तो बघा, टाकीच्या डावीकडे!” दोघेतिघे हो म्हणाले. एका काकांनी नातीला पुढे घेतले, “बघ बेटा, माझ्या बोटाच्या सरळ रेषेत.”

तिने बराच वेळ पाहिले. एक डोळा मिटून पाहिले, दुसरा मिटून पाहिले. आमच्या छातीत धडधडत होते. आम्ही काहीही बोलायचे नाही, असे ठरवले होते.

“मला नाय दिसत,” ती म्हणाली.

“अगं, नीट बघ ना!”

“बघितलं. नाय दिसत.”

ते काका हसले, पण जरा ओशाळून. आणखी थोडा वेळ सगळे पाहत राहिले. ज्यांनी हो म्हटले होते त्यातला एकजण म्हणाला, आता नाही दिसत, कदाचित ढग असेल. कोणी कमिटीला फोन लावला नाही. केरळात आणि काश्मीरमध्ये उद्या ईद असल्याची बातमी मोबाईलवर आली, त्यावर थोडी चर्चा झाली. मुंबईत चंद्र दिसल्याचे नव्हते. माणसे तरावीहसाठी खाली उतरू लागली.

“दादा, म्हणजे उद्या पण रोजा?” नातीने विचारले. तिचा नवा ड्रेस सकाळपासून पलंगावर पसरून ठेवलेला होता.

“हो.”

“मी बोलली म्हणून?”

“नाही,” आम्ही म्हटले, “दिसला नाही म्हणून.”

दुसऱ्या संध्याकाळी कोर एवढी ठळक होती की कोणाच्या बोटाची गरज पडली नाही. आम्ही नातीला हाक मारली. पण ती खाली दोन्ही हातांना मेंदी लावून बसली होती, आणि वर यायला तयार नव्हती.