प्रकाशझोतातला आवाज

माणूस मायक्रोफोनपुढे उभा राहून ओरडतो आणि समोरच्या भिंतीवर रंग उसळतात. अशा कलाकृती आता संग्रहालयांत आणि महोत्सवांत सर्रास आढळतात. पाहताना मजा येते, पण त्यांतल्या अनेक कलाकृती आवाजातून एकच गोष्ट उचलतात, ती म्हणजे त्याची तीव्रता. कोणी हरवलेल्या माणसाचे नाव घेतले काय आणि कोणी टाळी वाजवली काय, भिंतीला दोन्ही सारखेच. जो मोठ्याने ओरडेल त्याचा रंग मोठा. मला यात आवाजाचा अवमान दिसतो.

ध्वनी डोळ्यांना दाखवण्याची ओढ जुनी आहे. वाळू पसरलेल्या पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला, की वाळू थरथरत्या भागांवरून सरकून स्थिर रेषांवर गोळा होते. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लाड्नी यांनी 1787 मध्ये या आकृत्या प्रसिद्ध केल्या. पुढे 1885 मध्ये मार्गारेट वॉट्स ह्यूज या वेल्समधल्या गायिकेने स्वतःच्या आवाजाची ताकद मोजण्यासाठी एक साधन वापरले. ती नळीत गाई आणि ताणलेल्या पडद्यावरच्या भुकटीत आकार उमटत. तिथे नुसता जोर कामाचा नव्हता, स्वर लावून धरावा लागे. या दोन्हींत आकृती कंपनातूनच घडत होती. आजच्या कलाकृतींमागच्या संगणकात तसे कोणतेही बंधन नसते. कोणत्याही आवाजाला कोणताही रंग जोडता येतो. ते नाते कलावंत ठरवतो, त्यामुळे आवाजातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, याचा जाबही त्यानेच द्यायला हवा.

मेक्सिकोत जन्मलेल्या राफाएल लोसानो-हेमर यांनी 2008 मध्ये ‘व्होस आल्ता’ या कलाकृतीत हा जाब दिला, असे मला वाटते. मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को चौकात 2 ऑक्टोबर 1968 रोजी, ऑलिंपिकला दहा दिवस उरले असताना, सरकारविरोधात जमलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर सैनिकांनी गोळीबार केला. किती माणसे मेली, याबद्दल आजही एकमत नाही. चाळीस वर्षांनी त्याच चौकात एक भोंगा ठेवण्यात आला. त्यात कोणीही बोलावे. आवाजाबरोबर 10 किलोवॅटचा प्रकाशझोत लुकलुके, समोरच्या जुन्या परराष्ट्र मंत्रालयाच्या इमारतीवर पडे आणि तिच्या माथ्यावरचे आणखी तीन झोत तो शहरभर पोहोचवत.

इथेही प्रकाश आवाजाच्या चढउतारावरच चाले. फरक असा, की शब्द टाकून दिले नव्हते. तेच बोलणे शहरातल्या एका विद्यापीठाच्या रेडिओवरून थेट ऐकू येई. मग रेडिओच पुरेसा नव्हता का, असे कोणी विचारील. नव्हता. रेडिओ ज्याने लावला त्यालाच ऐकू येतो. झोत मात्र घरी परतणाऱ्या, या घटनेशी काही देणेघेणे नसलेल्या माणसालाही दिसतो आणि या क्षणी तिथे कोणीतरी बोलते आहे, एवढे कळवतो. काय बोलते आहे हे ऐकायचे, तर मात्र त्याला रेडिओ लावावा लागतो. पाहणाऱ्याला प्रकाशावर थांबू न देता ऐकण्याकडे वळवणे, हे मला या रचनेतले सर्वांत मोठे यश वाटते.

भोंग्यापाशी कोणी नसले की चौकातला झोत विझे आणि रेडिओवर 1968 चे संगीत आणि गोळीबारातून वाचलेल्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी लागत. बोलणाऱ्यांना कसलीही चाळणी नव्हती. साक्षी झाल्या, कविता झाल्या, एकाने लग्नाची मागणीही घातली. स्मारकाचे गांभीर्य जपायचे म्हणून ही मागणी अडवली असती, तर या चौकात काय बोलायचे हे पुन्हा कोणीतरी वरूनच ठरवले असते.