टेबलामागचा माणूस



१५ जानेवारी २०२६ रोजी आपण मुंबई महानगरपालिकेसाठी मत दिले. जुन्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. २२७ प्रभागांत उमेदवार कोण, याची चर्चा घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत झाली. पण टेबलामागे बसून यादीत आपले नाव शोधणारा कोण, हे कुणी विचारले काय? बहुतेक वेळा तो माझ्यासारखा मास्तर नाही तर कारकून असतो.

मागे एका निवडणुकीत घाटकोपरच्या एका केंद्रावर मी मतदान अधिकारी होतो. दुपारी वस्तीतली एक म्हातारी आई आली. तिच्या नावापुढे आधीच खूण होती. दुसरीच कोणी तिचे मत देऊन गेली होती. ती म्हणाली, "बाला, तू आपलाच हायेस ना? मग दाबू दे की बटन."

करुणा म्हणते, दाबू दे. पण मी माझ्या 'आपल्या'साठी नियम वाकवला, तर शेजारच्या केंद्रावरचा त्याच्या 'आपल्या'साठी वाकवील. आणि असे वाकवणे सुरू झाले की मार कुणाला बसतो, हे आपल्या घराण्यांना सांगायला नको. केंद्राध्यक्षांनी ओळख तपासून तिला प्रदत्त मतपत्रिका दिली. कागदावर खूण करून ते मत वेगळ्या पाकिटात गेले. असे मत मोजणीत धरत नाहीत. वाद न्यायालयात गेला तरच ते उघडण्याचा प्रश्न येतो.

नियम पाळला गेला. तरी माझे मन मला खात होते. अन्याय दुपारी झालाच नव्हता, तो सकाळी झाला होता. रांग लांब होती. मी चिठ्ठी पाहिली, चेहरा पाहिला नाही. निःपक्षपातीपणा म्हणजे कुणाकडेच न पाहणे, असा सोयीचा अर्थ मी लावून घेतला होता.

जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीत निवडणूक आयोगाचे कलम मांडले, तेव्हा काही प्रांतांत वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या लोकांची नावे मतदारयादीबाहेर ठेवली जात असल्याचे त्यांनी सांगितले. म्हणून यंत्रणा प्रांतिक सरकारांच्या हातून काढली. स्थानिक निवडणुकांसाठी ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी, १९९३ पासून, राज्य निवडणूक आयोगाची तरतूद झाली. त्याच्या आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून दूर करता येते. हे कवच वरच्या खुर्चीला. खाली टेबलाशी बसलेल्याजवळ त्याच्या शीलाखेरीज काय असते?

आज आपली मुलेमुली शिक्षक, कारकून झाली आहेत. निवडणुकीच्या कामाचा आदेश आला की तो रद्द करण्यासाठी त्यांची धावपळ सुरू होते. मीही केली आहे.

जाताना त्या आईने विचारले, "माजं मत मोजतील ना रं?" मी खरे ते सांगितले.