व्रत एकाचें, उपवास दुसऱ्याचा

दुसऱ्याच्या उपवासावर आपलें व्रत तडीस नेणारीं माणसें आपल्या समाजांत कधींच दुर्मिळ नव्हतीं. दारीं आलेल्याला विन्मुख पाठवावयाचें नाहीं हा घरच्या कर्त्याचा बाणा असतो, आणि रात्रीं दहा वाजतां चूल पुन्हां पेटविण्याचें काम मात्र भलत्याच कुणाच्या वांट्यास येतें. टॉल्स्टॉयनें १८९१ सालीं, १८८१ नंतर लिहिलेल्या आपल्या ग्रंथांवरील हक्क जगाला मोकळे करून दिले. त्या त्यागापुढें आम्हीही मान लववितों. परंतु त्याच्या भल्यामोठ्या कुटुंबाचा संसार हांकणाऱ्या सोफियाचा या गोष्टीला विरोध होता, आणि तिला केवळ लोभी म्हणून मोकळे होणारे लोक आम्हांस कधींच न्यायी वाटले नाहींत. सोडलेल्या वस्तूंत दुसऱ्याचा वांटा किती होता, हें मोजावयाचें कोणीं? हा जुना प्रश्न आम्हांस नव्यानें भेटला तो एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं. नॉर्वे देशांतील बर्फानें झांकलेल्या रस्त्यावर, विजेच्या मोटारींत.

आमचा भाचा गेलीं बारा वर्षें नोकरीनिमित्त ऑस्लो येथें राहतो. पत्नी, सहा वर्षांची मुलगी, आणि वर्षांतून कांहीं महिने पुण्याहून जाऊन राहणारी त्याची आई, म्हणजे आमची थोरली बहीण, एवढा त्याचा परिवार. त्या देशांत विजेची मोटार ही आतां हौस राहिलेली नाहीं. २०२४ सालीं तेथें विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊ केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या. याची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९८९ सालीं 'आ-हा' या गायकवृंदांतील दोघांनीं आणि फ्रेडरिक हाउगे या पर्यावरणवादी कार्यकर्त्यानें विजेवर चालणारी एक लहानशी फियाट पांडा मोटार देशांत आणली, आणि टोलनाक्यांवर पैसे न भरतां ते ती पुढें हांकूं लागले. दंड सांचत गेला, गाडी जप्त झाली, तिचा लिलांव झाला. परंतु पुढें सरकारनेंच अशा गाड्यांना १९९७ सालीं टोल आणि २००१ सालीं विक्रीवरील मोठा कर माफ केला. तेथील वीज बहुतांशीं धबधब्यांची व धरणांची. तोच देश खनिज तेल आणि वायु परदेशीं विकून गबर झाला आहे, हेंही येथेंच सांगून टाकतों. पुण्य घरीं ठेवावें आणि पाप निर्यात करावें, असा या व्यवहाराचा कोणीं अर्थ केला तर त्याला उत्तर देणें सोपें नाहीं. पण आमचा आजचा विषय राष्ट्रांचा नाहीं, एका मोटारींत बसलेल्या पांच माणसांचा आहे.

दोन वर्षांपूर्वीं फेब्रुवारींत, शाळांना हिवाळी सुटी असतांना, आम्ही त्याच्याकडे पाहुणे होतों. ऑस्लोहून ट्रॉन्डहाइम येथें एका स्नेह्याकडे जावयाचें ठरलें. अंतर सुमारें ५०० किलोमीटर. वाट म्योसा सरोवराच्या कांठानें लिलहामरपर्यंत, तेथून गुडब्रान्ड्सडाल नांवाच्या लांबलचक खोऱ्यांतून चढत डोंबोस गांवापर्यंत, आणि मग हजार मीटर उंचीचें डोव्रे पठार ओलांडून पलीकडे उतरणारी. भाच्याची गाडी जुनी, लहान. बॅटरी ४० युनिटांची. कागदावर ती एका दमांत २७० किलोमीटर जाते. त्या लहानपणाचा त्याला अभिमान होता. जेवढें लागतें तेवढेंच घ्यावें, हें त्याचें तत्त्व. आणि तें वाईट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

येथें थोडें शास्त्र सांगणें भाग आहे, कारण सगळा नीतिप्रश्न त्यांतून उगवतो. पेट्रोलचें इंजिन हें मोठें उधळें यंत्र आहे. जाळलेल्या इंधनाच्या शक्तीपैकीं दोन तृतीयांशांच्या आसपास भाग तें नुसत्या उष्णतेच्या रूपानें वायां घालवितें. हिवाळ्यांत या उधळपट्टीचेंच थोडें उष्टें गाडींत सोडलें कीं बसणाऱ्यांना ऊब मिळते, तीही फुकट. विजेचें यंत्र काटकसरी. तें फारसें कांहीं वायां जाऊं देत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्या घरीं ऊब विकत घ्यावी लागते. जी वीज चाकांना पुढें नेणार तीच आंतल्या माणसांना शेकणार. शिवाय बॅटरीलाही थंडी वाजते. तिच्यांतील लिथियमचे कण गारठ्यांत मंद चालतात, आणि शून्याखालीं ती घाईघाईनें भरूं गेल्यास लिथियमचा थर आंतल्या पट्टीवर बसून तिचें कायमचें नुकसान होऊं शकतें. म्हणून गाडी आपण होऊनच भरण्याचा वेग कमी करते. कागदावरचा आंकडा असतो तो २३ अंशांच्या उबदार प्रयोगशाळेंतला. नॉर्वेंतील मोटारचालकांचा संघ दर हिवाळ्यांत नव्या गाड्या खऱ्या रस्त्यावर शेवटापर्यंत चालवून पाहतो. त्यांत कुणाची घट दहांत एकाहूनही कमी भरते, तर कुणाची तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत जाते.

लिलहामरला गाडी भरून आम्ही पुढें निघालों. बाहेर उणे १७ अंश. ओट्टा गांवीं पुन्हां भरावयाचें होतें, परंतु तेथें सुटीच्या गर्दीमुळें मोटारींची रांग लागली होती. भाच्यानें मनांत हिशेब केला. डोंबोस तेथून ४५ किलोमीटर, वाट चढाची. तो म्हणाला, "हीटर बंद ठेवूं या, म्हणजे पोंचूं. पाऊण तासाचा तर प्रश्न आहे." कोणीं नाहीं म्हटलें नाहीं.

आतां आमच्या अपराधाची गोष्ट. त्या गाडींत पुढच्या दोन खुर्च्यांच्या गाद्या तापविण्याची सोय होती. तिला वीज फारच थोडी लागते, म्हणून ती चालूच होती. मागच्या आसनाला ती सोय नव्हती. पाहुणे म्हणून आम्हांस मानानें पुढें बसविलें होतें. आणि पाठ ऊबदार गादीला टेकून, माणसानें निसर्गाकडून किती घ्यावें या विषयावर, आम्हां मामाभाच्यांचें मोठें रंगतदार संभाषण चाललें होतें. वीसएक मिनिटांनीं मागच्या कांचा आंतून गोठूं लागल्या. मुलीला स्वतःच्या तोंडांतली वाफ पाहून आधीं मौज वाटली, मग ती गप्प झाली. भाच्यानें आरशांतून विचारलें, "आई, थंडी नाहीं ना वाजत?" ताई म्हणाली, "मला कुठें थंडी वाजते? तूं नीट पुढें बघ." डोंबोसला उतरलों तेव्हां कळलें कीं तिनें आपली शाल नातीच्या पायांभोंवतीं गुंडाळली होती. कॉफीच्या पेल्याभोंवतीं तिचीं बोटें वळेनात. सूनबाई कांहींच बोलली नाहीं. तिनें सासूचे हात आपल्या हातांत घेऊन चोळावयास सुरुवात केली, आणि आमच्याकडे पाहण्याचें टाळलें.

या प्रसंगाचा विचार आम्ही पुष्कळ दिवस केला. भाचा दुष्ट नाहीं, आपमतलबी तर मुळींच नाहीं. त्यानें आईला विचारलें होतें. परंतु ज्या व्यक्तीकडून नकार कधींच येणार नाहीं हें आपणांस पक्कें ठाऊक आहे, तिची संमति मागण्यांत अर्थ किती? आईची, पत्नीची, लहान मुलाची संमति ही बहुधा अशीच असते. ती प्रेमानें दिलेली असते, म्हणून देणाऱ्याला ती शोभते. घेणाऱ्यानें तिच्यावर आपला हिशेब उभारावा, इतकी ती भक्कम नसते. आणि त्याहून सूक्ष्म गोष्ट ही कीं, भाच्याला थंडी किती आहे हें खरोखरच कळत नव्हतें. ज्याच्या हातीं निर्णय त्याचीच गादी गरम होती. खोटें कोणीच बोललें नव्हतें, ताईखेरीज.

गेल्या शरदांत ती गाडी बदलण्याचें ठरलें, आणि त्यानें आमचा सल्ला मागितला. यंत्रांतलें आम्हांस काय कळतें, हें त्यालाही ठाऊक होतें. त्याला बहुधा डोंबोसविषयीं बोलावयाचें होतें. त्याच्या स्नेह्यांचें म्हणणें सरळ होतें: मिळेल ती मोठ्यांत मोठी बॅटरी घे, आणि विसरून जा. या मतांत तथ्य आहे. डोव्रेसारख्या पठारावर वादळ उठलें कीं रस्ता बंद करतात किंवा बर्फ उपसणाऱ्या गाडीमागें सर्वांना रांगेनें नेतात. तेथें तासन्‌तास खोळंबावें लागलें तर काय? पण हिशेब करून पाहतां भय वाटतें तेवढें खरें नाहीं. उभ्या गाडीला उबदार ठेवण्यास तासाला दीड-दोन युनिटें लागतात. बॅटरींत ४० युनिटें उरलीं असतील तर जवळजवळ रात्र आणि दिवस निभतो. उलट बर्फांत रुतलेली पेट्रोलची गाडी चालू ठेवली आणि तिची धुराची नळी बर्फानें बुजली, तर विषारी वायु आंत शिरून माणसें झोंपेंतच दगावतात. जानेवारी २०२४ मध्यें शिकागो येथें कडाक्याच्या थंडींत चार्जिंग स्टेशनांवर बंद पडलेल्या गाड्यांचीं चित्रें जगभर फिरलीं; पण खोळंब्याचें मोठें कारण हें होतें कीं गाड्या जवळजवळ रिकाम्या आणि गारठलेल्या बॅटऱ्या घेऊन तेथें रांगेंत लागल्या. त्यांना बॅटरी मोठी नको होती, थोडी आधीं जाग हवी होती.

शिवाय भयालाही वजन असतें. मोठ्या बॅटरीचें वजन पांचसहाशें किलोपर्यंत जातें, आणि वर्षांतल्या पांच दिवसांच्या धास्तीसाठीं तें उरलेले ३६० दिवस शाळेपर्यंत आणि भाजीच्या दुकानापर्यंत ओढीत न्यावें लागतें. तेंही एक वेळ सोसेल. परंतु अशा बऱ्याच बॅटऱ्यांत कोबाल्ट असतें, आणि जगांतील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या कांगो देशाच्या खाणींतून निघतें. तेथें हातानें खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलें राबतात, हें अनेकदां उजेडांत आलें आहे. म्हणजे मागच्या आसनावरच्या मुलीला ऊब मिळावी म्हणून दुसऱ्या एका मुलाला बिळांत उतरविण्याचा हा सौदा. फक्त तें मूल आरशांत दिसत नाहीं. याला पर्याय आहे. लोह आणि फॉस्फेट यांपासून केलेल्या बॅटरींत कोबाल्टही नसतें आणि निकेलही नसतें. ती स्वस्त असते आणि दीर्घकाळ टिकते. पण गारठ्यांत ती अधिक मंदावते, आणि भरावयाला अधिक वेळ घेते. भाचा येथेंच अडला होता. त्यानें लिहिलें, "मामा, माझ्या सदसद्विवेकाची बॅटरी घेतली तर आईला पुन्हां थंडी वाजेल."

आम्हीं त्याला विचारलें, असें कां म्हणतोस? लोह-फॉस्फेटची बॅटरी थंडींत वेळ मागते, ऊब मागत नाहीं. ऊब तूं देतोस, कारण तुला वेळ द्यावयाचा नसतो. साडेसहा तासांत ट्रॉन्डहाइम गांठावयाचें, ओट्टाच्या रांगेंत उभें राहावयाचें नाहीं, ही तुझी घाई. ती तुझी आहे, म्हणून ती सोडण्याचा अधिकारही तुझा आहे. ताईची शाल तुझी नव्हती.

यावर कोणी म्हणेल कीं गाडी थांबली तर वेळ सर्वांचाच जातो, एकट्या चालकाचा नव्हे. हा आक्षेप आम्हांसही सुचला होता, आणि आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हतें. उत्तर सूनबाईनें दिलें, आणि तिला हें आजवर कोणीं विचारलेंच नव्हतें. ती म्हणाली, सहा वर्षांच्या मुलीला दीड तासानंतर उतरावेंसें वाटतेंच, सासूबाईंना त्याहून आधीं. पण यांचा एक थांबा चुकूं नये म्हणून त्या दोघी निघण्यापूर्वीं पाणी पीत नाहींत. हें ऐकून आमची मान खालीं गेली. म्हणजे उपवास अक्षरशः घडत होता.

मग गाडी पाहावयाला सगळींच गेलीं, आणि ताईला मागच्या आसनावर अर्धा तास बसवून गांवाबाहेर फिरवून आणलें. आम्हांस वाटतें, कुटुंबासाठीं मोटार निवडण्याची याहून चांगली रीत नाहीं. विक्रेते मात्र कर्त्या पुरुषाला सरळ सुकाणूमागें नेऊन बसवितात. निवडलेली गाडी ६० युनिटांची, लोह-फॉस्फेटची. तींत हीट पंप आहे. म्हणजे बाहेरच्या थंड हवेंतूनही उष्णता ओढून आंत आणण्याची युक्ति, जिच्यामुळें साध्या हीटरपेक्षां वीज बरीच कमी लागते. चार्जिंग स्टेशन जवळ येण्यापूर्वींच ती बॅटरी तापवून ठेवते, निघण्यापूर्वीं घरच्या विजेवर आंतली हवाही गरम करून घेतां येते, आणि मागच्या गाद्याही तापतात. कागदावर ती ४३० किलोमीटर जाते. उणे १५ अंशांत २९० धरावे. आणि वाटेंत दहा टक्क्यांखालीं उतरावयाचें नाहीं व ऐंशीच्या वर भरीत बसावयाचें नाहीं, म्हणजे दोन थांब्यांमधलें अंतर उरतें २०० किलोमीटर. ट्रॉन्डहाइमपर्यंत तीन थांबे. एक चतुर्थांश वीज उरली कीं पुढचें स्टेशन सोडावयाचें नाहीं, रांग असली तरी. आणि हीटरच्या कळीला हात ताईनें किंवा मुलीनें लावावयाचा, असा त्यांनीं आपसांत ठराव केला आहे.

या फेब्रुवारींत तीं चौघें त्याच वाटेनें गेलीं. ताईनें फोनवर सगळें सविस्तर सांगितलें. डोंबोसला तशीच गर्दी होती, चाळीस मिनिटें थांबावें लागलें. नातीनें बाहेर बर्फाचा बाहुला केला, त्याला नाक म्हणून ताईच्या डब्यांतलें गाजर गेलें. गाडी पुरेशी भरल्याचा निरोप भाच्याच्या फोनवर आला, तेव्हां ताईचा चहा अर्धाच झाला होता. त्यानें फोन पाहिला, उलटा करून टेबलावर ठेवला, आणि स्वतःसाठीं आणखी एक पेला मागविला.