सूक्ष्मशिल्प, भिंग आणि कारागिराचे देणे

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या सातव्या प्रकरणात सौंदर्याला आकारमानाची अट घातली आहे. अतिसूक्ष्म प्राणी सुंदर असू शकत नाही, कारण त्याच्या अवयवांतील भेद दृष्टीला पकडता येत नाहीत. अतिविशाल प्राणीही सुंदर असू शकत नाही, कारण त्याची समग्रता एका नजरेत मावत नाही. ही अट मान्य केली तर सूक्ष्मशिल्पांचे प्रदर्शन ही एक विसंगतीच ठरते. बर्मिंगहॅमचे विलर्ड विगन (जन्म १९५७) सुईच्या नेढ्यात मानवाकृती उभ्या करतात. कीव्हचे मिकोला स्याद्रिस्ती (जन्म १९३७) यांनी नेढ्यात उंटांचा तांडा बसवला आणि पिसवेच्या पायांना सोन्याचे नाल ठोकले. केळव्याच्या किनाऱ्यावर पायाखाली येणारा वाळूचा कण भूशास्त्राच्या व्याख्येनुसार जास्तीत जास्त २ मिलिमीटरचा असतो. अशा कलावंताच्या लेखी तो एक शिळाखंडच होय. अशा कृतींपुढे प्रेक्षक थक्क होतो, यात शंका नाही. परंतु हे कौतुक नेमके कशाचे असते, आणि त्याने कारागिराचे देणे फिटते काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतीचाही आहे.

प्रथम ‘पाहणे’ या क्रियेचा विचार केला पाहिजे. प्रदर्शनात प्रेक्षक शिल्पाकडे पाहत नाही. तो शिल्पासमोरील भिंगात पाहतो. भिंगातून दिसणारी आकृती सूक्ष्म उरलेली नसते, ती नेहमीच्या आकाराची झालेली असते. कांटने १७९० च्या ग्रंथात उदात्ताची चर्चा करताना हेच सुचवले होते: दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर कोणतीही वस्तू स्वतः होऊन मोठी वा लहान राहत नाही, ती केवळ मापाच्या तुलनेत तशी असते. म्हणजे सूक्ष्मशिल्पाची सूक्ष्मता दिसत नाही, ती सांगितली जाते. मर्ढेकरांप्रमाणे इंद्रियसंवेदनांच्या लयबद्ध रचनेतच सौंदर्य शोधायचे ठरवले, तर या सांगितलेल्या सूक्ष्मतेला आस्वादात जागाच राहत नाही. उरतो तो एक उंट किंवा एक माणूस, आणि अशा आकृती मोठ्या मापात पाहिल्या तर पुष्कळदा सामान्यच वाटतील. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तील (१९७४) परिभाषेत सांगायचे, तर येथे अलौकिकतावादी भूमिका निरुत्तर होते आणि लौकिकाला दार उघडावे लागते. श्रम, धोका, संयम आणि चरित्र या गोष्टी कृतीच्या अर्थात शिरतात. विगन हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अवकाशात हात चालवतात. रस्त्यावरील वाहनांचे हादरे टाळण्यासाठी रात्री काम करतात. ‘ॲलिस’ची एक आकृती तर त्यांच्याच श्वासाबरोबर आत ओढली गेली. हे ठाऊक नसेल तर प्रेक्षकाचा अनुभव अर्धाच राहतो.

दुष्करतेचे हे आकर्षण साहित्याला अपरिचित नाही. मोरोपंतांनी रचलेल्या अनेक रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. त्यात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. वाचकाला कोणी सांगितले नाही तर ही अनुपस्थिती त्याच्या लक्षात येईलच असे नाही. येथेही कसब दिसण्याऐवजी कळते. पण या नियमाची एक किंमत आहे. ‘म’ ओष्ठ्य असल्यामुळे या रामायणात ‘राम’ हा शब्द उच्चारताच येत नाही. मम्मटाने चित्रकाव्याला काव्याच्या खालच्या पायरीवर बसवले, त्यामागे हीच शंका असावी: दुष्करता जिच्यासाठी पत्करली ती वस्तूच तिच्यापायी हरवत तर नाही ना?

या शंकेला नैतिक रूप दिले ते रशियन कथाकार लेस्कोव्हने. १८८१ च्या ‘लेव्शा’ या कथेत इंग्रजांनी बनवलेली पोलादी पिसू किल्ली दिली की नाचते. तुला शहरातील कारागीर तिला नाल ठोकतात. नालांवर कारागिरांची नावे कोरलेली आहेत; डावखुऱ्या नायकाचे नाव मात्र नाही, कारण त्याने नालांचे खिळे घडवले आहेत आणि ते कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शकही नाही. गरिबीने त्याचा डोळाच तयार केला आहे. झार संतुष्ट होतो. पण नालांच्या वजनाने पिसू नाचेनाशी झाली आहे. पुढे इंग्लंडहून परतलेला हा कारागीर बंदुका विटेच्या भुकटीने घासू नयेत हा मोलाचा निरोप मरता मरता देतो, आणि तो वर पोचतच नाही. ज्या राज्याला त्याच्या हातांचे इतके नवल वाटले त्याला त्याचे म्हणणे ऐकायचे नव्हते. थक्क होणे ही कारागिराला न ऐकण्याची एक सभ्य रीत असू शकते, असे ही कथा सुचवते.

हे न ऐकणे पिसवेपुरते मर्यादित नाही. केळवे-माहीमच्या पानमळ्यांत नागवेलीचे कोवळे पान न फाटता खुडावे लागते. जवळच्या सातपाटीत जाळे सांधताना प्रत्येक गाठ शेजारच्या घराच्या मापाशी जुळवावी लागते. येथेही बोटांची सूक्ष्मता आहे, पण तिच्यापुढे कोणी भिंग धरत नाही, कारण ती वस्तूच्या उपयोगात विरून जाते. याच जिल्ह्यात उत्तरेला वारली सवाशिणी लग्नचौक लिहीत आल्या. त्यांची नावे भिंतीवर राहिली नाहीत. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचे स्वतंत्र प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत झाले, तेव्हा या कलेला नाव आणि चेहरा मिळाला. गॅलरीने एकाला न्याय दिला, हे खरे. पण आधीच्या हातांचे अनामिकत्व त्याने संपले नाही. शिवाय वारली चित्रातील लहानपण वेगळ्या जातीचे आहे. तेथे माणूस लहान असतो, कारण त्याच्या भोवतीचे जग मोठे आहे. हे लहानपण चित्राच्या आत आहे आणि उघड्या डोळ्यांना दिसते. सूक्ष्मशिल्पातील लहानपण प्रेक्षकाच्या मापाने ठरते आणि प्रेक्षकाच्याच विस्मयासाठी राखलेले असते.

म्हणून सूक्ष्मशिल्पाला केवळ करामत म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, आणि त्याच्या दुष्करतेलाच कला म्हणणेही योग्य नाही. त्याने समीक्षेपुढे ठेवलेली कसोटी दुहेरी आहे: नाल ठोकल्यावर पिसू नाचते काय, आणि भिंगातून डोळा काढल्यावर प्रेक्षकाला इतर हातांची सूक्ष्मता दिसू लागते काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कलावंताने द्यायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र प्रेक्षकावर आणि समीक्षकावर सोपवलेले आहे. ते टाळले, तर कौतुक कितीही मोठे असले तरी कारागिराचे देणे थकलेलेच राहते.