उजेडाची वाटणी

वीज गेली म्हणजे काही क्षण सारे गाव एका पातळीवर येते. माडीवाल्याचे घर आणि मजुराची खोली सारखीच काळोखी होतात. मग कुठे एखाद्या घरात बॅटरीवरचा दिवा लागतो आणि ती समता मोडते. ज्याने पैसा खर्चून आणि पुढचा विचार करून घरात उजेड राखून ठेवला, त्याच्या त्या उजेडावर शेजाऱ्याचा काही हक्क पोहोचतो काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देताना आपले मन कचरते.

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, ते जुन्नर तालुक्यातील आळेफाटा घ्या. कांद्याचा बाजार आणि अहोरात्र वाहनांची वर्दळ असलेले हे गाव. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता आणि ग्रामीण भागाला दररोज कित्येक तास भारनियमन सोसावे लागे. तसे दिवस आता राहिले नाहीत. तरी वळवाचा पाऊस कोसळला की तार तुटते, डीपी जळते आणि रात्र अंधारात जाते. या तालुक्यात अंधार म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. उसाच्या आडोशाने बिबट्या वावरतो आणि शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की शेतकऱ्याला त्याच उसात पाणी धरायला जावे लागते.

अशा ठिकाणी आपत्कालीन दिवा घरी तयार करणे ही उपयुक्त विद्या आहे, आणि तिची रचना समजण्यास कठीण नाही. घरातील २३० व्होल्टचा दाब ट्रान्सफॉर्मर कमी करतो. चार डायोड त्या प्रवाहाला एकाच दिशेने वाहायला लावतात. नियामक परिपथ तो दाब सुमारे ६.८ ते ६.९ व्होल्टवर स्थिर ठेवतो आणि ६ व्होल्टची बंद शिशाची बॅटरी भरत राहते. वीज असेपर्यंत रिले दिव्याचा मार्ग तोडून धरतो. वीज जाताच त्याची पकड सुटते आणि बॅटरी दिव्याला जोडली जाते. मात्र २३० व्होल्टच्या बाजूचे काम जाणकाराच्या देखरेखीवाचून करू नये.

बाजारात सहज मिळणारी अशी बॅटरी ४.५ अँपिअर-तासांची असते. सहाने गुणले की २७ वॅट-तास होतात. तीन वॅटचा एलईडी दिवा तिच्यावर कागदोपत्री नऊ तास चालेल. प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे साठा मोजका आहे. आणि साठा मोजका असला की माणूस हात आखडता घेतो.

येथेच थोडा विचार करावयास हवा. या दिव्यात संपते काय? संपतो तो बॅटरीतील भार, आणि तो जितका वेळ दिवा जळेल तितकाच संपतो. त्या उजेडात एक मूल अभ्यासाला बसले काय आणि पाच बसली काय, बॅटरीला त्याचा पत्ताही नसतो. भाकरी वाटली तर तुकडे होतात. उजेडाचे तुकडे होत नाहीत. म्हणून दिवा लावून जो दार लोटून घेतो, तो काहीच वाचवीत नाही. त्याची बचत शून्य आणि शेजाऱ्याचे नुकसान मात्र पूर्ण. याला काटकसर म्हणता येत नाही; ही केवळ सवय आहे.

दिवाच उचलून दुसऱ्याला देणे ही गोष्ट निराळी. तेथे खरोखर आपल्या वाट्याचे तास जातात. रात्री शेतावर निघालेल्या माणसाला तो द्यावा काय? त्याच्या जिवाचा प्रश्न आणि आपल्या सोयीचा प्रश्न एका तराजूत घालता येत नाहीत, असे आम्ही मानतो. परंतु देण्यालाही एक मर्यादा आहे आणि ती बॅटरीच सांगते. तिचा दाब सुमारे ५.२५ व्होल्टच्या खाली जाऊ दिला आणि ती तशीच रिकामी पडून राहिली, तर आतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि पुढे ती नीट भरत नाही. शेवटचा अंश राखणे हा स्वार्थ नव्हे. उद्या पुन्हा देता यावे म्हणून ती राखण असते. हाच नियम सेवेत झिजणाऱ्या माणसालाही लागू पडतो.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. २००६ साली पुणे शहरात उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवून ग्रिडची वीज मोकळी केली, त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून आकारण्यात आला आणि शहराची भारनियमनातून सुटका झाली. योजना कल्पक होती. तिने दुसऱ्याची वीज हिरावली नाही. तरी त्याच जिल्ह्यातील खेडी अंधारात राहिली. ज्यांचा आवाज सरकारदरबारी पोहोचतो, त्यांचे घर उजळले की त्यांची तक्रार थांबते आणि मागे उरतात ते ज्यांचा आवाज पोहोचत नाही. शहराचे जे, तेच आळीचे. बॅटरी घेतलेले घर हळूहळू विसरते की गावाची तार तुटलेली आहे.

म्हणून दिवा करू नये काय? अवश्य करावा. अंधारात बसून राहिल्याने शेजाऱ्याचे दुःख हलके होत नाही. परंतु तो माजघरात टांगण्याऐवजी ओसरीवर टांगावा, म्हणजे वाटेलाही उजेड मिळेल. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या मुलांना हाक मारावी. आणि जळालेल्या डीपीविषयी गावाचा अर्ज जाईल तेव्हा, आपल्या घरी उजेड असला तरी, त्यावर आपली सही असावी.