पिशवी आणि सोवळं

गणपतीच्या आदल्या दिवशी आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अरे, उद्या पूजेला धाकट्याला बसवू या का? तुझं ते आहे ना..."

'ते' म्हणजे माझ्या पोटाला उजव्या बाजूला चिकटवलेली पिशवी. बाबा गेल्यापासून पूजेला मीच बसतो. आत्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, ती खरोखर अडचणीत होती. मी "बसव" म्हणालो. राग नंतर आला, आणि आत्यापेक्षा स्वतःचा जास्त. तिने विचारलं तेच मी वर्षभर स्वतःला विचारत होतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिसने माझं मोठं आतडं निकामी झालं, ते काढून टाकलं. लहान आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून कातडीला शिवलं. ही इलिओस्टॉमी. बाहेर दिसणाऱ्या लाल, ओलसर बोंडाला स्टोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तोंड'. त्याला हात लावला तर दुखत नाही. त्याला आवळून धरणारा स्नायूही नाही, त्यामुळे 'जरा थांब' म्हणायची सोय नाही. दिवसातून पाच-सहा वेळा पिशवी रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची. पाणी आणि मीठ शोषणारं आतडंच गेल्यामुळे उन्हाळ्यात ओआरएस जवळ ठेवायचं. मोदकाला आडकाठी आहे ती देवाची नाही, ओल्या खोबऱ्याची. नीट चावलं नाही तर वाटेत अडकतं. एवढं सांभाळलं की माणूस नोकरी करतो, प्रवास करतो, पोहतोसुद्धा. डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. सोवळ्याबद्दल मात्र कुणी बोललं नव्हतं.

तर्काने हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. पूजेला बसणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात तेच असतं. त्याचं कातडीच्या आत, माझं बाहेर. बोटभर जाडीच्या भिंतीवर कुणाचं पावित्र्य ठरावं? हे मी स्वतःला कितीदा ऐकवलं. तरी पहिले काही महिने पिशवी रिकामी करताना तोंड फिरवत होतो.

ही शस्त्रक्रिया आज सुसह्य आहे ती ज्यांनी तोंड फिरवलं नाही त्यांच्यामुळे. पूर्वी पाचक रस सांडून भोवतालची कातडी भाजून निघायची. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचं टोक मोज्यासारखं उलटवून शिवायची रीत मांडली. त्याच दशकात क्लीव्हलंडच्या रूपर्ट टर्नबुल यांनी कातडी वाचवायला कराया डिंक वापरला. हा आपल्याकडच्या कांडोळाचा डिंक. सालीला घाव घालून तो काढतात, आणि गोळा करणारे बहुतेक आदिवासी असतात. टर्नबुल यांच्याच एक रुग्ण, नॉर्मा गिल, १९५८पासून त्यांच्यासोबत इतर रुग्णांना पिशवीची निगा शिकवू लागल्या. त्यांची स्वतःची इलिओस्टॉमी झालेली होती.

माझ्या वॉर्डात हे काम एक मावशी करायच्या. पहिले चार दिवस मी पिशवीला हात लावला नाही, आईनेही नाही. मावशी भांडं घेऊन यायच्या, क्लिप काढायच्या, मोजून नर्सला आकडा सांगायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता घट्ट व्हायला लागलंय हं, दादा." आम्हाला जी घाण होती ती त्यांच्यासाठी बातमी होती, आणि चांगली बातमी. त्या दिवशी आम्ही त्यांना चहा दिला. कागदी कपात. घरून स्टीलचे सहा पेले आणले होते आणि आम्ही तिघंच होतो. कुणी काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप कागदी कपाकडे गेला.

आत्या मला जे म्हणाली ते त्या कपापेक्षा सौम्यच होतं. माणूस मैल्यापासून किती लांब राहू शकतो, यावर आपल्याकडे त्याची पायरी ठरत आली. हातांनी मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा झाला, आणि गटारात उतरून माणसं अजून मरतात. याबद्दल मी वाचलं होतं, मान डोलावली होती. पिशवीमुळे मला ते दुःख कळलं असं म्हणणं मात्र खोटं होईल. मी साफ करतो ती माझीच घाण, आणि शर्ट खाली ओढला की मी पुन्हा या घरातला मोठा मुलगा असतो. त्यांना ओढायला असा शर्ट नाही.

पूजा धाकट्याने केली. आरती चालू असताना स्टोमा गुरगुरला. झांजांमध्ये कुणाला ऐकू आलं नाही. आत्याला हो म्हणून मी तिचं मन राखलं की माझी लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा वॉर्डात डोकावलो. मावशी दिसल्या नाहीत. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "कुठल्या मावशी? नाव काय त्यांचं?"

मला सांगता येईना.