संशय जनुकात की जाणणाऱ्यात?

आनुवंशिक कर्करोगाच्या चाचणीत जनुकात सापडलेला बदल पाचांपैकी एका वर्गात घातला जातो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ही वर्गवारी २०१५ साली अमेरिकेत प्रमाणित झाली. मधल्या वर्गाला डॉक्टर ‘व्हीयूएस’ म्हणतात. केवळ त्याच्या आधारे स्तन किंवा बीजांडकोश काढत नाहीत. निर्णय घराण्यातील आजारांचा इतिहास पाहून होतो.

धाराशिव जिल्ह्याला कर्करोगाची तपासणी नवी नाही. इथल्या परांडा आणि भूम तालुक्यांतील रुग्ण बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत १९८७ पासून नोंदले जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे विषाणू सापडला तर पुढे काय करायचे ते ठरलेले होते. व्हीयूएसच्या अहवालात तेच नसते.

खरे तर बदल स्वतः अनिश्चित नसतो. तो धोका वाढवतो, थोडा वाढवतो किंवा वाढवत नाही. न्यायदर्शनाने संशय सोळा पदार्थांत गणला, पण त्याची जागा वस्तूत नव्हे, जाणणाऱ्यात मानली. आख्यायिकेत तेरचे कुंभार संत गोरोबाकाका थापटण्याने संतांची डोकी तपासतात, नामदेव कच्चे ठरतात आणि विसोबा खेचरांना गुरू केल्यावर पालटतात. व्हीयूएसमध्ये उलटे घडते: मडके तेच राहते, थापटणे सुधारते. २०१८ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ज्या व्हीयूएसचा वर्ग पुढे बदलला, त्यांपैकी सुमारे ९१ टक्के निरुपद्रवी बाजूला गेले. घरी मात्र अहवाल पोचतो तो ‘दोष निघाला’ असाच.

हे अज्ञान सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांचे जनुकसंच आधी आणि अधिक वाचले गेले. त्यामुळे भूमकडच्या एखाद्या समाजात सर्रास असलेला बदलही जागतिक साठ्यात दुर्मीळ दिसतो आणि संशयित ठरतो. भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या इंडिजेन प्रकल्पाने २०२० मध्ये १,०२९ भारतीयांची माहिती खुली केली, तेव्हा ही उणीव थोडी भरू लागली.

संशय फेडायला नातेवाइकांचे रक्तही लागते. कर्करोग झालेल्यांत बदल आहे आणि निरोगी वृद्धांत नाही, असे दिसले तर पुरावा बळावतो. सासरी नांदणाऱ्या बाईचा हा पुरावा माहेरी असतो; बदल वडिलांकडूनही येतो, म्हणून आईच्या बाजूची चौकशी पुरत नाही.

इथे ज्ञानाचा प्रश्न कर्तव्याचा होतो. काही वर्षांनी वर्ग बदलला तर कळवायचे कोणी? रुग्णाने विचारत राहावे, हे उत्तर सोयीचे आहे, न्याय्य नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला प्रयोगशाळेचे नाव तरी कुठून आठवणार? नवे ज्ञान ज्याच्या हाती आले, ते पोचवण्याचे ऋणही त्याचेच. म्हणून पहिल्याच भेटीत आणखी एका नातेवाइकाचा फोन नंबर आणि फेरचौकशीची तारीख नोंदवणे समुपदेशनाचाच भाग ठरते.